महागाची वाईन आवडली नाही, मग चूक कोणाची?

प्रश्न: लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने रेड वाईन आणली, आमच्या नेहमीच्या बाटलीच्या दसपट किमतीची. दोन घोटांतच माझं तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटतेय वाटलं, त्याला मात्र फार आवडली, निदान तसं म्हणाला तरी. मला चव कळत नाही की किंमतच फुगवलेली असते?

उत्तर: तुमच्या जिभेला काही झालेलं नाहीये हो. तोंड कोरडं पडलं तो टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा प्रताप, ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, कडक कोऱ्या चहाने होतं ना तसंच. महागड्या रेड बऱ्याचदा वर्षानुवर्षं ठेवून प्यायच्या हिशेबाने केलेल्या असतात, कोवळ्या असताना उघडल्या की बोचतात. लेबलवरचं साल बघा, दोन-तीन वर्षांपूर्वीचंच असेल तर बहुतेक घाई झाली.

नवरा थापा मारत होता असंही नाही हं. २००८ सालचा एक प्रयोग आहे, लोकांना एकच वाईन एकदा ५ डॉलरची सांगून दिली आणि एकदा ४५ ची सांगून, आणि पिताना मेंदूचं स्कॅन केलं, तर महाग सांगितल्यावर मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भाग खरंच जास्त चाळवला. म्हणजे मजा त्याला खरीच आली असेल, त्यातली थोडी बिलाने दिली एवढंच. त्याच वर्षी ६,००० पेक्षा जास्त वेळा किंमत लपवून घेतलेल्या चवींचा हिशेब आला, त्यात सामान्य लोकांना महाग वाईन उलट किंचित कमीच आवडली होती, वाईनचं शिक्षण घेतलेल्यांचं मात्र तसं नव्हतं.

पण सगळी फुगवाफुगवीच असते असं मी म्हणणार नाही. वाईन मुरवायचं ओकच्या लाकडाचं नवं पिंप बरंच महाग पडतं, २२५ लिटरचं, त्यात जेमतेम ३०० बाटल्या, आणि दोन-चार हंगामांत लाकडाचा वास उतरला की परत नवं घ्या. हाताने तोडणी, वेलीवर मुद्दाम कमी ठेवलेली फळं, तळघरात पडून असलेला माल, हे सगळं बाटलीवर चढतं. तरी हा खर्च कुठेतरी थांबतोच, त्यापुढे तुम्ही नावाचे आणि टंचाईचे पैसे मोजता. फ्रान्समधल्या बर्गंडीतला रोमाने-कॉन्ती हा द्राक्षमळा पुरता दोन हेक्टरचाही नाही, आणि तिथली १९४५ ची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. एवढे पैसे कोणी चवीसाठी देतं का, तुम्हीच सांगा.

माझं विचाराल तर नेहमीपेक्षा दुपटीची घ्या, तिथे फरक कळायची शक्यता बरी असते, दसपटीत नाही. आणि परत अशी बाटली आलीच तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा, हवा लागली की जरा निवळते. मग ती आणि तुमची नेहमीची, दोन सारख्या ग्लासांत, कुठली कुठली ते न सांगता नवऱ्यापुढे ठेवा. त्याने नेहमीचीच उचलली तर हसू नका, निदान त्याच्यासमोर तरी.