बटण रुसलं तरी आवाज हाताशी

मोबाइलच्या आवाजाच्या बटणाबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले. उत्तरांत मॅक्रोड्रॉइड आणि टास्कर या दोन ॲपचा उल्लेख वारंवार येईल. दोन्ही अँड्रॉइडवर चालतात आणि ‘अमुक झालं की तमुक कर’ असा हुकूम फोनला देतात. मॅक्रोड्रॉइडमध्ये अशा एका हुकुमाला ‘मॅक्रो’ म्हणतात.

प्रश्न : आवाज वाढवायचं बटण महिन्याभरापासून दबूनच नाही राहिलं. बर्डीवरच्या दुकानात आतली पट्टी बदलावी लागेल म्हणाले. तोवर काही करता येते का? (महाल)

करता येतं, आणि सुरुवातीला ॲपचीही गरज नाही. आधी फोन कव्हरातून काढून बटण दाबून पाहा. कव्हरची कड बटणावर चढलेली असणं किंवा फटीत धूळ बसणं, एवढंच कारण अनेकदा निघतं. फोन बंद करा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थेंबभर ओलावा द्या आणि बटणाच्या कडेने फिरवा. टाचणी खुपसू नका, आतलं पाणीरोधक रबर फाटतं.

तरीही हललं नाही तर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ॲक्सेसिबिलिटी मेनू असं जाऊन तो चालू करा. पडद्यावर एक छोटं बटण तरंगू लागेल. ते दाबलं की आवाज वाढवणे, कमी करणे, फोन लॉक करणे, स्क्रीनशॉट अशी चित्रं येतात. सॅमसंगमध्ये हीच सोय ‘असिस्टंट मेनू’ नावाने आहे. काम भागलं तर इथेच थांबा.

तरंगतं बटण डोळ्यांत खुपत असेल तर मॅक्रोड्रॉइड प्ले स्टोअरवरून घ्या. फुकट आवृत्तीत पाच मॅक्रो बनवता येतात, जाहिराती दिसतात. नवा मॅक्रो उघडला की तीन खाने दिसतील: लाल ट्रिगर (अमुक झालं की), निळा ॲक्शन (तमुक कर), हिरवा कन्स्ट्रेंट (जादाची अट). ट्रिगरमध्ये ‘क्विक सेटिंग्ज टाइल’ (वरून ओढलेल्या पडद्यातलं बटण) निवडा. ॲक्शनमध्ये आवाजाच्या गटातून आवाजाची पट्टी पडद्यावर दाखवणारी क्रिया घ्या. कन्स्ट्रेंट रिकामा सोडा, नाव द्या, जतन करा. मग वरून पडदा खाली ओढा, पेन्सिलीच्या चित्रावर टिचकी मारा आणि तळाला पडलेली मॅक्रोड्रॉइडची टाइल ओढून पहिल्या सहांत बसवा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि ‘टाइल येतच नाही’ म्हणून कळवतात.

‘एक पायरी वर’, ‘एक पायरी खाली’ अशा दोन टाइल करण्याचा मोह होईल. करू नका. मूळ अँड्रॉइडमध्ये मीडियाच्या आवाजाला १५ पायऱ्या असतात (काही कंपन्या जास्त देतात), म्हणजे तळापासून वर जायला पंधरा टिचक्या. पट्टी उघडली की बोटाने एका ओढीत काम होतं.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. बटण ‘दबत नाही’ आणि ‘दबलेलंच राहतं’ हे दोन वेगळे आजार आहेत. आवाज कमी करायचं बटण दबलेलं अडकलं, तर बहुतेक फोन चालू होताना सेफ मोडमध्ये शिरतात, कोपऱ्यात तसे शब्द दिसतात. सेफ मोडमध्ये बाहेरून घेतलेलं एकही ॲप चालत नाही, तेव्हा मॅक्रोही चालणार नाही. तिथे बटणाची आतली पट्टी बदलण्याला पर्याय नाही.

प्रश्न : मॅक्रो दोन दिवस छान चालला, मग बंद पडला. ॲप उघडलं की पुन्हा चालतो. (नंदनवन)

लक्षण अगदी ओळखीचं आहे. ॲप उघडल्यावर चालतो म्हणजे मॅक्रो बरोबर आहे, फोन बॅटरी वाचवायला ॲपला झोपवतो आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मॅक्रोड्रॉइड, बॅटरी इथे जाऊन ‘अनिर्बंध’ निवडा. शाओमीच्या फोनवर याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं लागतं, ओप्पो आणि रियलमीवर ‘ऑटो लाँच’. सॅमसंगवर ॲप ‘कधीही न झोपणाऱ्या ॲप्स’च्या यादीत टाका. मॅक्रोड्रॉइडची कायम दिसणारी सूचना त्रासदायक वाटून काढून टाकली असेल तर ती परत आणा. ॲप मागे जागं राहतं ते त्या सूचनेच्या जोरावर.

फोनची प्रणाली अद्ययावत झाली की या परवानग्या कधी कधी मूळपदावर जातात. अपडेटनंतर मॅक्रो रुसला तर प्रथम इथेच पाहा.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यात दुपारभर कूलर चालतो, त्याच्या घरघरीत फोनची रिंग ऐकू येत नाही. रात्री मात्र तीच रिंग घर डोक्यावर घेते. (मनीष नगर)

कूलर चालू आहे हे फोनला ओळखायला लावायचं तर मायक्रोफोन सतत उघडा ठेवावा लागेल. बॅटरीही जाईल आणि खाजगीपणाही. वेळेवर बांधा, तेवढं पुरतं. ट्रिगर: वेळ, सकाळी ११, सगळे वार. ॲक्शन: आवाज बदला, त्यात फक्त ‘रिंग’वर खूण करा आणि १०० टक्के ठेवा. दुसरा मॅक्रो रात्री १० वाजताचा, रिंग ३० टक्के.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे आवाज एक नसतो. मीडिया, रिंग, नोटिफिकेशन, अलार्म आणि कॉल यांच्या पट्ट्या निरनिराळ्या. अँड्रॉइड १४ पासून मूळ प्रणालीत रिंग आणि नोटिफिकेशनही वेगळे झाले. त्यामुळे रिंग वाढवली तरी व्हॉट्सॲपच्या निरोपाची ‘टिंग’ तशीच बारीक राहू शकते. हवी असेल तर तिच्यावरही खूण करा. अलार्मला हात लावू नका, नाहीतर पहाटे नळ येऊन गेलेला कळणार नाही.

दुसरा घोटाळा परवानगीचा. अँड्रॉइड ७ पासून ॲपला ‘डू नॉट डिस्टर्ब’ची परवानगी दिलेली नसेल, तर मूक केलेला फोन ते बोलता करू शकत नाही. मॅक्रो चालल्याची नोंद दिसते, रिंग मात्र मुकीच. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डू नॉट डिस्टर्ब ॲक्सेस’ टाइप करा आणि मॅक्रोड्रॉइडला परवानगी द्या.

प्रश्न : हायकोर्टात शिरलो की फोन आपोआप मूक व्हावा. होईल का? (सिव्हिल लाइन्स)

होईल, पण न्यायालयात त्याच्या भरवशावर राहू नका. ‘जिओफेन्स’ ट्रिगरमध्ये नकाशावर खंडपीठाची इमारत धरून २०० मीटरचं वर्तुळ आखा. स्थानाची परवानगी ‘नेहमी’ अशीच द्यावी लागते, ‘ॲप वापरताना’ दिली तर ट्रिगर पेटत नाही. बाहेर पडल्यावर रिंग परत आणणारा दुसरा मॅक्रोही करा, नाहीतर घरच्यांचे फोन संध्याकाळपर्यंत वाया.

अडचण उशिराची आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्थान थांबून थांबून तपासतो, त्यामुळे वर्तुळ ओलांडल्यावर ट्रिगर काही मिनिटांनीही पेटू शकतो. तेवढ्यात फोन वाजला तर न्यायमूर्तींना जिओफेन्स समजावत बसावं लागेल. म्हणून रिंग शून्य करणारी एक टाइल हाताशी ठेवा आणि दाराशीच दाबा. जिओफेन्स विसराळूपणावरचा दुसरा पहारेकरी म्हणून असू द्या.

प्रश्न : खापरीहून सीताबर्डीला मेट्रोने जाते. ब्लूटूथ इअरबड जोडले की गाणं कानात एकदम जोरात फुटतं. मॅक्रो केला, पण कधी चालतो, कधी नाही. (वर्धा रोड)

ट्रिगर ‘ब्लूटूथ जोडले’ आणि लगेच ‘मीडिया ३० टक्के’, असंच केलं असणार. गडबड क्रमाची आहे. ब्लूटूथ जोडलं गेल्याची वार्ता आधी येते, गाण्याचा मार्ग क्षण-दोन क्षणांनी उघडतो. फोन प्रत्येक ब्लूटूथ साधनाचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो. मधल्या क्षणात मॅक्रो फोनच्या स्पीकरचा आवाज ३० टक्के करून मोकळा होतो आणि इअरबड त्यांच्या जुन्या आवाजावर सुरू होतात. ट्रिगर आणि आवाजाची क्रिया यांच्या मधे ५ सेकंदांची ‘थांबा’ ही क्रिया घाला. ३ सेकंदही बहुधा चालतात, पण गाडी भरलेली असताना ५ बऱ्या. ट्रिगरमध्ये ‘कोणतेही साधन’ न ठेवता तुमच्या इअरबडचं नाव निवडा.

एवढ्यानेही पहिल्या पायरीलाच आवाज कर्कश वाटत असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर ७ टिचक्या मारल्या की उघडतात) ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा’ चालू करा आणि इअरबड पुन्हा जोडा. मग फोनची आणि इअरबडची पायरी वेगवेगळी राहते, म्हणजे इअरबडची एकदा खाली आणून ठेवता येते.

प्रश्न : आईची बोटं संधिवातामुळे वाकली आहेत. फोनवर बोलताना समोरच्याचा आवाज बारीक येतो, आणि बटण तिला दाबवत नाही. (प्रताप नगर)

बटणाने कॉलचा आवाज कॉल सुरू असतानाच बदलतो. म्हणून ट्रिगर ‘कॉल सुरू आहे’, मग २ सेकंद थांबा, मग ‘कॉल’चा आवाज १०० टक्के. फोनची परवानगी मागेल, द्या. आई फोन कानापासून लांब धरत असतील तर याच मॅक्रोत स्पीकर चालू करण्याची क्रिया जोडा.

हा मॅक्रो साध्या कॉलपुरताच आहे. व्हॉट्सॲपचा कॉल त्या ट्रिगरला दिसत नाही. तिथे ॲक्सेसिबिलिटी मेनूच वापरा आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘मोठी बटणं’ चालू करा. प्रत्येक चित्र ठळक होतं, वाकल्या बोटालाही सापडतं.

ॲप टाकताना कोणी पाठवलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून येणारं ॲप) घेऊ नका. अँड्रॉइड १३ पासून अशा ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहज देता येत नाही, आणि ते भल्यासाठीच आहे. काही बँकांची ॲप्स अनोळखी ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की इशारा देतात किंवा उघडतच नाहीत. वरच्या कुठल्याही मॅक्रोला ती परवानगी लागत नाही, मागितली तरी नाही म्हणा.

प्रश्न : टास्कर विकत घ्यावं का? (सदर)

फक्त आवाजासाठी नको. पाच मॅक्रो पुरत नसतील तर आधी दोन-तीन कामं ‘जर-तर’ घालून एकाच मॅक्रोत बसतात का ते पाहा, रिंगचे सकाळ-रात्रीचे दोन मॅक्रो सहज एक होतात. टास्कर हवं ते नेमक्या हिशेबासाठी. तिथे ‘मीडिया व्हॉल्यूम’ क्रियेच्या पातळीत %व्हीओएलएम (%VOLM) हा चल, म्हणजे आत्ताच्या आवाजाचा आकडा धरणारं नाव, टाकून पुढे +३ लिहिलं की आहे त्या आवाजात तीन पायऱ्यांची भर पडते. चलाचं नाव रोमन मोठ्या अक्षरांतच लिहा, जागा न सोडता. ‘डिस्प्ले’वर खूण केली तर पट्टीही दिसते.

प्रश्न : आयफोनवर काय? (धरमपेठ)

ॲप लागत नाही. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, बॅक टॅप (फोनच्या पाठीवर टिचकी). दोन टिचक्यांना ‘आवाज वाढवा’, तीन टिचक्यांना ‘कमी करा’ नेमून द्या. आयफोन ८ किंवा त्यानंतरचा फोन आणि आयओएस १४ किंवा पुढची प्रणाली हवी. कव्हर जाड असेल तर टिचकी पोचत नाही, आणि फोन टेबलावर आपटून ठेवला की ती नको तेव्हाही पोचते. त्यापेक्षा त्याच ‘टच’च्या पानावरचं असिस्टिव्हटच, म्हणजे पडद्यावर तरंगणारं बटण, बरं.