'थांबवता आला असता' की 'थांबवायला हवा होता'?

विचारणा अशी आहे: 'दोस्त राष्ट्रांना ज्यूंचा वंशसंहार लवकर थांबवता आला असता' आणि 'दोस्त राष्ट्रांनी ज्यूंचा वंशसंहार लवकर थांबवायला हवा होता' यांत फरक काय, आणि लेखात कोणतं वाक्य घ्यावं?

व्याकरणाला दोन्ही चालतात. पहिल्यात शक्यतेचा दावा आहे, तो पुराव्याने पटवावा लागतो. दुसऱ्यात कर्तव्य सांगून बोल लावला आहे. विभक्तीही बघा, 'राष्ट्रांना' आणि 'राष्ट्रांनी'. मात्र दुसऱ्या वाक्याच्या पोटात पहिलं दडलेलं असतं. जे जमण्यासारखंच नव्हतं, ते करायला हवं होतं असं आपण कुणाला म्हणत नाही.

मला खटकतं ते 'थांबवणे' हे क्रियापद. साल न सांगता ते वापरलं की वाक्य लंगडं पडतं. ऑगस्ट 1942 मध्ये जागतिक ज्यू काँग्रेसचे प्रतिनिधी गेरहार्ट रीग्नर यांचा, नाझी ज्यूंच्या संहाराचा बेत आखताहेत हे कळवणारा, जिनिव्हाहून निघालेला संदेश लंडन-वॉशिंग्टनला पोचला होता आणि 17 डिसेंबरला दोस्त सरकारांनी या कत्तलीचा जाहीर निषेधही केला. म्हणजे 'माहीत नव्हतं' हे म्हणायची सोय नाही. पण आउशवित्झ, म्हणजे जर्मनव्याप्त पोलंडमधली नाझींची मृत्युछावणी, अमेरिकी बॉम्बफेकी विमानांच्या टप्प्यात आली ते दक्षिण इटलीतल्या फोज्जाचे तळ हाती आल्यावर, 1943 च्या अखेरीस. तेव्हा 1942 पुरतं 'थांबवता आला असता' मी लिहिणार नाही. 'आश्रय देता आला असता' मात्र बेधडक लिहीन, आणि 'द्यायला हवा होता' हेही. एप्रिल 1943 मध्ये ब्रिटन-अमेरिकेचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर बर्म्युडात बसले आणि जवळपास हात हलवत परतले. अमेरिकेने निर्वासितांसाठी वेगळं मंडळ नेमलं ते थेट जानेवारी 1944 मध्ये.

1944 च्या हंगेरीची गोष्ट वेगळी. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत सुमारे 4,40,000 ज्यूंना तिथून रवाना केलं गेलं, बहुतेकांना आउशवित्झला. रूझवेल्ट, पोप, स्वीडनचे राजे यांचा दबाव वाढला, युद्धाचं पारडंही फिरलं होतं, आणि जुलैच्या सुरुवातीला हंगेरीचे राज्यप्रमुख होर्ती यांनी गाड्या थांबवल्या. हाच दबाव मेमध्ये आला असता तर? इथे 'थांबवता आलं असतं' या शब्दांना आधार आहे. छावणीवर बॉम्ब टाकण्याची विनंती अमेरिकी युद्धखात्याने फेटाळली, लढाईतली विमानं वळवावी लागतील म्हणून. 20 ऑगस्टला त्याच विमानांनी आउशवित्झजवळच्या मोनोवित्झचा कारखाना झोडपला. छावणीचे गॅस चेंबर तिथून आठेक किलोमीटरवर. बॉम्बफेकीने किती जीव वाचले असते यावर इतिहासकार अजून भांडतात, म्हणून तिथे 'प्रयत्न करता आला असता' एवढंच लिहावं.

तुमच्या लेखाचा रोख हंगेरीवर असेल तर 'थांबवता आलं असतं' घ्या. सगळ्या युद्धकाळावर असेल तर 'थांबवणे' काढून 'आणखी कितीतरी जणांना वाचवता आलं असतं' असं करा. आणि 'लवकर'ऐवजी 'वेळीच'. 'लवकर'मध्ये नुसती तारीख अलीकडे सरकते, 'वेळीच' म्हटलं की वेळ टळली हेही कळतं.