तात्यांना विचारा : म्हैस आफ्रिकेतली, भांडण अमळनेरातलं

प्रश्न : तात्या, रामराम. मी अमळनेर तालुक्यातला, वय ५६. कापूस-मका आणि गावात कृषी केंद्र. वडिलांची बाराबोअर बंदूक परवान्यासकट माझ्याकडे आली. त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलो, पण मला कळायला लागेपर्यंत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. माझा शाळेतला मित्र नामिबियात नोकरीला आहे. तिथे परवाना काढून आफ्रिकी रानम्हशीची शिकार कायदेशीरपणे करता येते. पुढच्या जूनमध्ये जायचं ठरवतोय. घरात मात्र रोज एकच वाक्य : "तुमना जीवले काही व्हयनं तं मी काय करू?" मी तिला सांगतो, पारोळा ते एरंडोल महामार्गावर मोटारसायकलने जातो तेव्हा तू काही बोलत नाहीस, तिथे तर बरोबर बंदूकवाला माणूस असणार. तिला पटत नाही. दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसलाय, पण डॉक्टर म्हणतात तब्येत ठीक आहे. थोडा बयाणाही देऊन बसलोय, तो तिला अजून सांगितलेला नाही. तिची समजूत कशी घालू?

उत्तर : भाऊ, पत्र दोनदा वाचलं. स्टेंट तुम्ही एका ओळीत उरकला आणि बयाणा शेवटून दुसऱ्या वाक्यात सरकवला. वहिनींना नेमकं कशाचं भय आहे ते तिथे दिसतं.

शिकार करावी की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. तीस वर्षं वनखात्यात काढली, माझं मत काय असेल ते तुम्ही ओळखलं असेल. पण तुम्ही विचारलंय ते वेगळं आहे.

आधी महामार्गाचा मुद्दा. तो मागे घ्या. रस्त्यावर तुम्ही पोटासाठी जाता, म्हशीसमोर हौसेसाठी जाणार. बायकोच्या हिशोबात ही दोन वेगळी खाती आहेत आणि मला तो हिशोब चुकीचा वाटत नाही.

आता म्हशीचं. आपली दुभती म्हैस डोळ्यांसमोरून काढून टाका. आफ्रिकेतला मोठा नर सातशे किलोच्या आसपास भरतो आणि त्याची शिंगं कपाळावर एकत्र येऊन ढालीसारखी जाड होतात. धोका पहिल्या गोळीच्या आधी कमी, नंतर जास्त. गोळी जरा मागे लागली, पोटात गेली, की जनावर दाट झुडपात शिरतं. बऱ्याचदा तिथे ते आपल्याच मागाकडे वळून उभं राहतं. मग रक्ताच्या मागावर कुणाला तरी आत जावं लागतं, आणि रक्त सांडलं की जनावर सापडो न सापडो, त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी तुमच्याकडूनच घेतात. जे काही व्हायचं ते या आत जाण्यात होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात होतो. फाश्यात अडकून सुटलेलं एक रानडुक्कर ज्वारीत शिरलं होतं. बरोबरचा पावरा आदिवासी माणूस बांधावर बसला, विडी पेटवली आणि म्हणाला, साहेब, अर्धा तास थांबू, ते आपोआप बसेल. मी पंचवीस वर्षांचा, अंगावर नवा खाकी. विडी संपायची वाट कोण बघतो? आत गेलो. सुळा मांडीत गेला, चौदा टाके पडले. घरी सांगितलं की राजदूतवरून पडलो. बायकोने पँट धुवायला घेतली तेव्हाच तिला कळलं होतं. मोटारसायकलवरून पडलेल्याची पँट आतल्या बाजूने खालून वर फाटत नाही. मला मात्र तिने ते अकरा वर्षांनी सांगितलं. मधली अकरा वर्षं मी रानात गेलो की ती जागी असायची, आणि त्यात डुकराचा वाटा थोडा, माझ्या थापेचा जास्त होता.

म्हणून पहिलं काम आज रात्रीचं. जेवणं झाली की बयाणा सांगून टाका, आकड्यासकट. भांडण होईल, होऊ द्या.

दुसरं काम हृदयाच्या डॉक्टरकडे, आणि वहिनींना बरोबर घेऊन. "तब्येत ठीक आहे का" असं विचारू नका. असं विचारा : दिवसाला दहा-बारा किलोमीटर वाळूतून पायी, खांद्यावर चार-साडेचार किलोची रायफल, वर ऊन, आणि जवळचं मोठं हॉस्पिटल विमानाच्या अंतरावर, चालेल का? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तो विषयही काढा, कारण मग साधी जखमही साधी राहत नाही. नामिबियाच्या झांबेझीकाठच्या पट्ट्यात जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्या हृदयाच्या औषधांबरोबर कोणत्या चालतील, तेही तिथेच विचारून घ्या. प्रवास विमा काढाल, त्यात शिकारीतला अपघात धरलाय का ते कलम वहिनींना वाचायला द्या. खतांच्या कंपन्यांची बिलं त्याच तपासत असतील, तर बारीक अक्षर त्यांना तुमच्यापेक्षा लवकर सापडेल.

तिसरं, नेम. बाराबोअरने रोही (नीलगाय) हाकलणं वेगळं. म्हशीसाठी बऱ्याच देशांत .३७५ इंचापेक्षा लहान बोअरची रायफल चालतच नाही. तिचा धक्का बसला की माणूस दुसऱ्या गोळीला आपोआप डोळे मिटतो. गोळी झाडायची ती बहुधा तीन काठ्यांच्या आधारावर, उभ्याने, धापा टाकत. त्यामुळे म्हशीआधी तिथल्या रेंजवर निदान दोन दिवस ठेवा. सरावात हात जमला नाही तर म्हैस बघून परत यायचं, हे आत्ताच कबूल करा, आणि वहिनींसमोर.

आपल्याकडे शिकार म्हटलं की लोकांना ब्रिटिश अधिकारी ऑट्रम साहेब आठवतो. १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल कोर (भिल्लांची पलटण) उभी करणारा, पायी वाघ मारणारा. कन्नडच्या घाटाला आणि गौताळ्याच्या अभयारण्याला अजून त्याचं नाव चिकटलेलं आहे. पण त्याच्यापुढे माग काढत चालणाऱ्या भिल्लांपैकी एकाचं तरी नाव कुठल्या घाटाला आहे का? तुमच्यापुढेही असाच एक माणूस चालणार आहे, त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल. तुमची गोळी चुकली तर झुडपात आधी तो शिरणार. २०१७ मध्ये चाळीसगावकडे बिबट्याने माणसं मारली, तेव्हा रात्री गस्तीला बाहेर पडणाऱ्यांच्या घरी काय चाललं होतं ते मी फोनवर ऐकलंय. ती माणसं ड्यूटीवर होती; तुम्ही तिकीट काढून जाणार आहात.

शिंगं दिवाणखान्यात लावायचा बेत असेल तर कस्टम आणि वनखातं, दोघांकडून आधी लेखी उत्तर घ्या. ते आलं नाही तर फोटोवर भागवा.

इतकं होऊनही वहिनी नाहीच म्हणाल्या तर? तर बयाणा बुडाला असं समजा. डॉक्टरही हो म्हणाले आणि त्या थोड्या नरमल्या, तर समजूत घालायचं काम तुम्ही करू नका, तुम्ही वकील वाईट आहात. तिथला जो परवानाधारक शिकारी तुमच्याबरोबर चालणार आहे, त्याच्याशी व्हिडिओ कॉल लावा. इंग्रजीची अडचण असेल तर मुलीला नाहीतर सुनेला शेजारी बसवा. वहिनींना जे विचारायचं ते विचारू द्या : आजवर किती जखमी जनावरांमागे गेलास, हे ऐकत नाहीत, यांना तू थांबवशील का, काही झालं तर मला पहिला फोन कोण करणार. आणि त्यांचं बोलणं चालू असेपर्यंत तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसा.