इतिहासाच्या शिक्षिकेने आधी एम.ए. करावे की एम.एड.?

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहते. इतिहास विषय घेऊन बी.ए. केले असून सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला इतिहासच शिकवायचा आहे. घरच्यांच्या मते मी लगेच एम.एड.ला प्रवेश घ्यावा, इतिहासात एम.ए. करून पाठांतरापलीकडे काय पदरात पडणार, असे ते विचारतात. मी कोणता मार्ग धरावा?
– एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : घरच्यांचा सल्ला काळजीपोटीच आहे, परंतु त्यात एम.एड.विषयी एक गैरसमज दिसतो. शाळेत इतिहास शिकवण्यासाठी एम.एड. लागत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पदवी, बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा सामाजिक शास्त्रांचा दुसरा पेपर पुरतो. अकरावी-बारावीला शिकवायचे झाल्यास मात्र इतिहासातील एम.ए. आणि बी.एड. या दोन्ही पदव्या हव्यात. केंद्रीय विद्यालयांतील पदव्युत्तर शिक्षकपदाचेही तसेच आहे. एम.एड.चा उपयोग मुख्यतः अध्यापक महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यांना होतो, आणि तेथेही, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014च्या निकषांनुसार, बी.एड.च्या विद्यार्थ्यांना इतिहास अध्यापन पद्धती शिकवणाऱ्याकडे सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या, प्रत्येकी किमान 55 टक्के गुणांसह, असणे अपेक्षित आहे. म्हणजे अकरावी-बारावी असो वा अध्यापक महाविद्यालय, कोणत्याही वाटेने गेलात तरी एम.ए. टळत नाही. ते आधी करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पाठांतराविषयी. बी.एड.मध्ये पाठ टाचण कसे काढावे, फलक कसा वापरावा, प्रश्न कसा विचारावा हे आपण शिकलात. परंतु उत्तर चुकीचे असेल तर ते कशावरून चुकीचे, हे सांगण्याचे बळ विषयाच्या अभ्यासातूनच येते. आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले औरस वारसाविना निवर्तले आणि 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग एका वाक्यात आटोपतो. एम.ए.चा अभ्यास नीट झालेली शिक्षिका मात्र विद्यार्थ्यांपुढे दोन बाजू ठेवते : एकीकडे कंपनी सरकारचा युक्तिवाद, दुसरीकडे भोसले घराण्यातील स्त्रियांनी केलेला विरोध. मग ती विचारते की, कोणता कागद कोणी, कोणासाठी आणि केव्हा लिहिला? राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात काढले गेले, ही बाब कोणत्या कागदात ठळक दिसते आणि कोणत्यात दडते? असा तास आठवीतही घेता येतो. फक्त घेणाऱ्याने कागद वाचलेला असला पाहिजे.

यासाठी नागपूर मोठी सोयीची जागा आहे. 1863 मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, येथे आहे. राज्य पुराभिलेख विभागाचे, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रे जपणाऱ्या खात्याचे, कार्यालय आहे. आणि इंग्रज व भोसले यांच्यातील 1817च्या लढाईची सीताबर्डीची टेकडी तर महालापासून हाकेच्या अंतरावर. विद्यापीठात इतिहासाखेरीज प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा स्वतंत्र विभागही आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, आपल्याला खुणावत असेल तर त्या विभागाचाही विचार व्हावा. मात्र शाळेच्या नोकरीसाठी जाहिरातीत 'इतिहास' असे स्पष्ट लिहिलेले असते, तेव्हा पदवीच्या नावावरून अडचण येणार नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी.

मोडी लिपी मात्र जरूर शिका. पुराभिलेख विभागातर्फे वेळोवेळी तिचे वर्ग घेतले जातात आणि मराठेशाहीच्या कागदांची कवाडे तिच्यावाचून उघडत नाहीत, अनेक एम.ए. झालेले शिक्षकही हे दार न उघडताच निवृत्त होतात, हे खेदाने नमूद करतो.

नोकरी करता करता शिकायचे असल्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे इतिहासातील एम.ए. दूरशिक्षणाने करता येते. मात्र त्याचे अध्ययन साहित्य हिंदी आणि इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांनी तेवढी तयारी ठेवावी. पुढे महाविद्यालयात शिकवण्याचा विचार झाला तर नेट किंवा सेट परीक्षा इतिहास विषयातच द्यावी लागेल.

तूर्त बी.एड.च्या आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनाच्या, आठवड्यांत एक पाठ केवळ एका मूळ कागदावर बेतून घ्या आणि मुलांनी काय काय विचारले, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय बहुधा त्याच वहीत सापडेल.