नाल्याचं पाणी, पिवळा गहू आणि दुकानदाराचा युरिया : सांवेरच्या शेतकऱ्यांना उत्तरं

इंदूरजवळच्या सांवेरकडून तीन प्रश्न आलेत, तिन्ही कान्ह नदीच्या काठचे. पहिला, नाल्यावर मोटर लावलीय, दुसऱ्या पाण्यानंतर गहू पिवळा पडला, दुकानदार म्हणतो अजून एक बॅग युरिया टाका आणि वरून झिंकचा स्प्रे मारा, मारू का? दुसरा, याच पाण्यावर पालक-मेथी चालेल का? तिसरा, जमीन कडक होतेय, जिप्सम किती टाकू?

पहिल्याचं उत्तर आधी. नका टाकू. युरिया नको आणि झिंकही नको. आधी फावडं घ्या आणि पिवळ्या पट्ट्यात वीतभर खोल खणा. मी अशा कितीतरी शेतांत खणलंय, बहुतेक वेळा तेच निघतं, ढेकूळ हातात चिकटतं, गटारासारखा वास येतो, मुळं पांढरी असायची ती तपकिरी झालेली असतात. म्हणजे मूळ गुदमरलंय. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि नाल्याचं पाणी फुकट मिळतं म्हणून मोटर रात्रभर चालू राहते. मुळाला हवाच नाही तर ते युरिया उचलणार कसं? पाणी बंद करा, शेताच्या खालच्या कडेला चर मारून साचलेलं काढून द्या, वापसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, हवा खेळेल इतकी. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी निघतात. त्याआधी काही विकत घेऊ नका.

आता हे पाणी कुणाचं आहे ते बघा. कान्ह निघते राऊजवळच्या उमरियाकडून, इंदूरमध्ये कृष्णपुरा छत्र्यांपाशी तिला सरस्वती मिळते, मग कबीटखेडीवरून सांवेर करत उज्जैनला त्रिवेणीवर क्षिप्रेत जाते. पावसाळ्यात ते पावसाचं पाणी. पण मार्च-एप्रिलमध्ये, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना नाला भरून वाहतोय, तर ते शहरानं वापरून सोडलेलं पाणी आहे, थोडं शुद्ध केलेलं, थोडं तसंच.

अशा पाण्यात नत्र असतं, युरियातून आपण देतो तेच, आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाही. सांडपाण्यात लिटरमागे 20 ते 40 मिलिग्रॅम नत्र सहज निघतं, 30 धरा. हेक्टरी 5 सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे 5 लाख लिटर, त्यातून 15 किलो नत्र गेलं, म्हणजे सुमारे 33 किलो युरिया, 45 किलोच्या बॅगेतली जवळजवळ पाऊण बॅग. अशी चार पाणी दिली तर 60 किलो, म्हणजे ओलिताच्या गव्हाला जे 120 लागतं त्यातलं अर्धं नाल्यातूनच आलं. त्यावर तुम्ही पूर्ण डोस टाकता, वर दुकानदार अजून एक बॅग देतो, मग गहू उंच वाढतो, दाणा भरताना वारा सुटतो आणि अख्खं शेत लोळतं. नाल्याच्या पाण्यावर युरियाचा पूर्ण डोस नको. ओंबी निघाल्यावर तर मुळीच नको, कुणी कितीही सांगो. आणि बिलावर लिहून द्यायला सांगा, हे कशासाठी दिलं. लिहून देत नसेल तर घेऊ नका.

पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा यांना हे पाणी देऊ नका. पान पाण्याला लागतं, त्यातले जंतू पानावर राहतात आणि लोक ते कच्चं खातात, तुमच्या घरचेही खातात. बरसीम (जनावरांचा हिरवा चारा) घ्या, पण कापणीच्या आधी काही दिवस पाणी तोडा. ज्याच्याकडे विहीर आहे त्यानं एक पाणी नाल्याचं, एक विहिरीचं असं करावं आणि नाल्याचं पाणी आधी खड्ड्यात एक रात्र थांबवावं, गाळ खाली बसू द्यावा. मोटर चालवणाऱ्यानं बूट घालावेत, मुलांना चरात उतरू देऊ नये.

जिप्सम किती, हे फोनवर सांगता येत नाही आणि दुकानावर तर नाहीच. माती आणि पाणी दोन्ही तपासा. पाण्यासाठी स्वच्छ लिटरची बाटली घ्या (औषधाची रिकामी बाटली आणू नका हो, दरवर्षी कुणीतरी आणतंच), त्याच पाण्यानं तीनदा विसळा, प्रवाहाच्या मधून भरा. ईसी (पाण्यातले क्षार दाखवणारा रिपोर्टमधला आकडा) 2250 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर गेली तर ते पाणी काळ्या मातीत लावूच नका. जमीन चोपण (सोडियम वाढून कडक झालेली) निघाली तरच जिप्सम, रिपोर्टमध्ये लिहिलंय तेवढंच.

आता मला खरं जे सांगायचंय ते. गावोगाव स्वतःचा छोटा नाला आहे, आपल्याच शिवारातून निघून कान्हला मिळणारा, त्यात शहराचं थेंबभर पाणी नाही. तो आपण ऑक्टोबरमध्ये वाहून जाऊ देतो आणि जानेवारीत घाण पाण्यावर मोटर लावतो. पाऊस थांबला, धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरा, विटांसारख्या सांधे चुकवून रचा, आतून मातीचा लेप द्या. दहा माणसं, एक दिवस, बोरी बंधान तयार. काठच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो, गव्हाची एक-दोन पाणी तिथूनच निघतात. पण हे फक्त स्वच्छ नाल्यावर. कान्हवर किंवा शहराचं पाणी येणाऱ्या नाल्यावर बांधलंत तर तीच घाण झिरपून विहिरीत येईल.

ठिबक-तुषारला केंद्राच्या योजनेत लहान-सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के, बाकीच्यांना 45 टक्के अनुदान आहे. अर्ज ऑनलाइन, मंजुरीआधी सामान घेऊ नका. नाल्याच्या पाण्यावर ठिबक लावायचं असेल तर सँड फिल्टर लागेलच.

ज्यांचा गहू आत्ता पिवळा आहे त्यांनी खणून काढलेल्या मुळांचा फोटो पाठवा, पानांचा नको.