पाच वर्षं वापरायचा फोन घेताना अपडेट्सचा हिशोब कसा करावा?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षांपूर्वी आलेला महागडा अँड्रॉइड फोन आणि यंदाचा मधल्या श्रेणीतला फोन आता एकाच किमतीला मिळतायत, फोन पाच वर्षं वापरायचाय, तर अपडेट्सना किती महत्त्व द्यावं? मी तर कॅमेरा आणि रॅमच्या आधी तेच बघते. आणि बघताना पहिला प्रश्न हा, की कंपनीने अपडेट्स द्यायची जी वर्षं सांगितली, ती कुठल्या तारखेपासून मोजली जातात.

ही मोजणी मी एकदा चुकले. आईसाठी सेलमध्ये फोन घेतला होता. कंपनीने दोन वर्षं अपडेट्स देऊ असं सांगितलं होतं, ती मी खरेदीच्या दिवसापासून धरली. पण ते मॉडेल बाजारात येऊनच दीड वर्ष झालं होतं, म्हणजे आईच्या वाट्याला आले जेमतेम सहा महिने. हे कळलं तेही तिच्या बँकेचं अ‍ॅप उघडेना तेव्हा. सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन असं करत आत गेले, तर सिक्युरिटी अपडेटसमोर तीन वर्षांपूर्वीची तारीख. स्क्रीनवर ओरखडा नाही, बॅटरी रात्रीपर्यंत पुरतेय. "अगं, चांगला चाललाय की, टाकायचा कशाला?" आई म्हणाली. मला काही उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं ती त्याच फोनवरून पैसे पाठवत होती, हे आठवलं की आजही जिवाला लागतं.

जाहिरातीत 'अपडेट्स' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि दुसरी सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारी छोटी दुरुस्ती. माझ्या लेखी दुसरीचं वजन जास्त. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधली स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली. नुसता खास बनवलेला एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येईल, अशी ती होती. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सिक्युरिटी बुलेटिन काढायला सुरुवात केली. त्यात सापडलेल्या त्रुटींची यादी असते आणि ती सगळ्यांना खुली असते. ज्या फोनला पॅच मिळायचे थांबले, त्याच्या कुठल्या खिडक्या उघड्या राहिल्या हे चोरालाही वाचता येतं. म्हणून 'चार अँड्रॉइड अपग्रेड' वाचून खूश होऊ नका, शेवटचा पॅच कुठल्या वर्षी येणार ते शोधा. बऱ्याच कंपन्या सुरुवातीला दरमहा पॅच देतात आणि फोन जुना झाला की तीन-तीन महिन्यांनी. तेही विचारात घ्या.

आवृत्ती अगदीच बिनमहत्त्वाची असते असं नाही, फक्त तिचा फटका उशिरा बसतो. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनवरच मिळतात.

अपडेट्स थांबतात त्याला फक्त फोन कंपनीच कारण असते असं नाही. चिप बनवणाऱ्याने आपले ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि अँड्रॉइड यांना जोडणारे प्रोग्रॅम, सुधारायचं थांबवलं की फोन कंपनीचे हात बांधले जातात. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत आलेल्या गूगलच्या प्रोजेक्ट ट्रेबलने चिपशी जोडलेला भाग बाकीच्या सिस्टिमपासून वेगळा केला, त्यामुळे नवी आवृत्ती आणणं सोपं झालं. अँड्रॉइड १० पासून काही भाग थेट गूगल प्लेवरून सुधारतात. पण मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधल्या त्रुटी अशा भरून निघत नाहीत. फेअरफोन या कंपनीने आपल्या फेअरफोन ५ साठी मुद्दाम औद्योगिक वापराची, जास्त वर्षं पाठबळ मिळणारी क्वालकॉम या चिप कंपनीची चिप घेतली आणि २०३१ पर्यंत अपडेट्सचा शब्द दिला. मला त्यांचा हा निर्णय फार आवडतो.

आता तुमच्या दोन फोनांकडे येऊ. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ जानेवारी २०२४ मध्ये आला, दोन्हींना ७ वर्षांचं आश्वासन आहे. तुमचा दोन वर्षं जुना महागडा फोन अशा ७ वर्षांच्या आश्वासनाचा असेल तर त्यातली दोन वर्षं वजा करूनही तुमची पाच वर्षं निघतात. तोच चार वर्षांच्या आश्वासनाचा असेल तर हातात दोनच उरतात, मग किंमत कितीही उतरलेली असो, घेऊ नका. आणि मधल्या श्रेणीत मिळतच नाही असंही समजू नका, गॅलॅक्सी ए१६ सारख्या साध्या फोनलाही सॅमसंगने ६ वर्षं दिली आहेत. कंपनीच्या अधिकृत पानावर नेमक्या मॉडेलचं नाव टाकून बघा, कारण एकाच कंपनीच्या दोन फोनांत तीन-तीन वर्षांचा फरक असतो. दोन्ही फोन पाच वर्षांना पुरत असतील तर मी जुना महागडा घेईन, मात्र मधे एकदा बॅटरी बदलायचा खर्च आत्ताच धरून ठेवेन.