एका खुणेवर साप ओळखता येत नाही

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच लिहितो, थोडं लांबेल. पहिला, चिपळूणच्या घरी बाथरूमच्या खिडकीत पांढऱ्या पट्ट्यांचा तपकिरी साप निघाला, शेजाऱ्यांनी मण्यार मण्यार म्हणून मारला, तो खरंच मण्यार होता का. दुसरा, टेक्सासला तुमच्या भाच्याला कॉर्न स्नेक, म्हणजे तिकडचा एक तांबूस साप, पाळायचाय, तो विषारी नाही ना. आणि मग तुम्ही विचारलंय की त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, असं काहीतरी सोपं असतं ना, तेच सांगा.

तर ते सोपं काहीतरी नाहीये. मी संगमेश्वर भागात वीसेक वर्षं लोकांच्या घरातून साप काढतोय आणि या "सोप्या खुणां"चा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्यावर विसंबून माणसंही जातात आणि सापही.

त्रिकोणी डोकंच घ्या. घोणस आणि फुरसं यांचं डोकं त्रिकोणी असतं हे खरं. पण नाग आणि मण्यार यांचं नसतं, मण्यारीचं डोकं तर मानेपासून वेगळं दिसतसुद्धा नाही, आणि आपल्याकडचं सगळ्यात जहाल विष तिचंच. उलट अजगर, मांजऱ्या यांच्या विषाने माणूस मरत नाही, तरी त्यांची डोकी चांगली रुंद, मानेपासून वेगळी. दुसरी खूण सांगतात ती डोळ्याची, बाहुली उभी असली की विषारी. अजगराची उभी असते, मांडुळाची उभी असते, नागाची गोल असते. मग काय कामाची ती खूण? आणि मुळात बाहुली दिसेल इतक्या जवळ जायचंच कशाला. चावल्यावर दोन दातांचे व्रण दिसले तर विषारी, हेही तसंच. कधी एकच व्रण असतो, कधी ओरखडा, आणि मण्यारीचा तर बऱ्याचदा दिसतच नाही.

हे शेवटचं वाक्य मी पुस्तकातून लिहीत नाहीये. आमच्या वाडीत एकांकडे गडी पडवीत खाली अंथरुणावर झोपला होता, पावसाळ्याचे दिवस. पहाटे तीनला पोट दुखतंय म्हणून उठला, घरच्यांना वाटलं पित्त, ओवा दिला, सोडा दिला, मग म्हणाला घशाखाली पाणी उतरत नाही. सहाला मला हाक मारली तेव्हा त्याच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या, उघडायचा प्रयत्न करत होता पण उघडत नव्हत्या, बोलणं जड. मी अंगभर शोधलं, एक ठिपका सापडला नाही. गोधडी उचलून झटकली तर उशाकडच्या घडीत मण्यार, तेल लावल्यासारखी चकचकीत काळी, वेटोळं करून शांत पडलेली. ओळखीच्या गाडीतून तसाच नेला, चार दिवस व्हेंटिलेटरवर होता, वाचला. ते तीन तास ओवा आणि सोड्यात गेले ते अजून मला टोचतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं की खूण पाठ करू नका, आपल्या भागातल्या सापांची तोंडओळख करून घ्या, जशी गल्लीतल्या माणसांची असते. शेजारच्या काकांना तुम्ही चष्म्यावरून ओळखत नाही ना, चालण्यावरून, उभं राहण्यावरून, कुठे भेटतात त्यावरून ओळखता. सापाचं तसंच आहे. महाराष्ट्रात माणूस ज्यांनी दगावतो ते मुख्यतः चारच, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे चार-पाच एवढं डोक्यात बसलं की पुष्कळ झालं.

आता तुमचा खिडकीतला. वर्णनावरून तो मला कवड्या वाटतोय, बिनविषारी. कवड्या काजूच्या सालीसारखा तपकिरी असतो, पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं बरोबर उलटं, पुढचा काही भाग कोरा काळा, मग बारीक पांढरे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने, आणि शेपटीकडे जास्त ठळक. तिच्या पाठीच्या मध्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग जाते, मेलेला साप समोर असेल तर ती स्पष्ट दिसते, कवड्याला ती नसते. शिवाय कवड्या पालींच्या मागे असतो म्हणून भिंतीवर, खिडकीत, छपराच्या वाशांवर सापडतो. पण यातही पक्कं धरू नका, मण्यारीच्या पिल्लाला पट्टे पार पुढेपर्यंत असतात, आणि कवड्याच्याच जातीत एक काळसर पट्टेरी प्रकार आहे तो भल्याभल्यांना फसवतो. काळा-पांढरा पट्टेरी दिसला की मी आजही आधी मण्यार समजूनच हात लावतो, म्हणजे साप पकडायच्या हुकनेच.

याहून धोकादायक गफलत म्हणजे घोणस आणि अजगर. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात उचलणारी माणसं मी बघितलीयेत, मोबाईलसमोर पोज देऊन. घोणशीच्या पाठीवर लांबट गोल डागांच्या तीन रांगा असतात, साखळीसारख्या, नीट आखून काढलेल्या. अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे, एकाला दुसरा जुळत नाही. तिसरी डुरक्या घोणस, नावात घोणस पण बिनविषारी, तिची शेपटी आखूड नि खरखरीत, आणि ती सुस्त पडून राहते. खरी घोणस डिवचली तर कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा आवाज करते, एकदा ऐकला की विसरत नाही. फुरसं फूत्कारत नाही, अंगावर अंग घासतं, खवले करवतीसारखे असल्याने खरखर होते. आमच्या कातळावर, जांभ्याच्या गडग्यात दगड उचलताना ती खरखर ऐकू आली की हात जागच्या जागी थांबवायचा. वीतभर असतं म्हणून लोक हसण्यावारी नेतात, पण चावल्यावर रक्त गोठेनासं होतं.

नाग सगळ्यांना ओळखता येतो असं वाटतं, तरी त्याच्या नावावर मरते धामण. धामण ही नागाची मादी हे इतकं रुजलंय की बोलायला नको. धामण वेगळी जात, तिच्यात नर वेगळा मादी वेगळी. ओठांवर काळ्या उभ्या रेघा, मोठे डोळे, बारीक मान, आणि फणा कधीच नाही. शेतातले उंदीर खाते, शेपटीत विष वगैरे काही नसतं. धामण मारल्याचा फोन आला की मला खरंच वाईट वाटतं.

मग निमविषारी येतात, हरणटोळ, मांजऱ्या. विष असतं पण मागच्या दातात आणि सौम्य, माणसाला सहसा सूज आणि आग यापलीकडे जात नाही. चापडा मात्र यात धरू नका, झाडावरचा हिरवा, खरंच त्रिकोणी डोक्याचा, तो विषारीच. आणि आपलं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, चापड्याच्या नाही. तिथे डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, म्हणून हॉस्पिटलला जायचंच.

आता भाचा. तुम्ही लिहिलंय की तो तुम्हाला फोनवर दुरुस्त करतो, "आत्या, पॉयझनस नाही, व्हेनमस म्हण". पोरगा बरोबर आहे. आपण दोन्हीला विषारीच म्हणतो, पण जो विष दातातून टोचतो त्याला व्हेनमस म्हणतात आणि जो खाल्ल्याने बाधतो त्याला पॉयझनस. जवळपास सगळे विषारी साप पहिल्या प्रकारातले. दोन्ही असलेलाही एक आहे, जपानचा यामाकागाशी. तो विषारी भेक खातो, त्यांचं विष मानेवरच्या ग्रंथींत साठवतो, आणि चावल्यास माणूस दगावू शकतो.

कॉर्न स्नेकला विष नाही. बॉल पायथॉन या छोट्या अजगरालाही नाही. पेट शॉपमध्ये हॉगनोज नावाचा साप दाखवतील, त्याला मागे दात आहेत आणि सौम्य विष आहे, हात सुजल्याच्या केसेस असतात, म्हणून लहान मुलाला पहिला साप म्हणून मी तो सुचवणार नाही. एक गोष्ट मात्र भावाला नक्की सांगा, विष नाही म्हणजे धोका नाही असं नाही. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर साप न ठेवण्याचा सल्ला तिथले आरोग्यवालेच देतात. भाच्याला धाकटी बहीण आहे म्हणालात ना, मग आधी तिचं वय बघा.

आणि घरातल्या कॉर्न स्नेकशी खेळून सवय झालेला मुलगा अंगणात तसाच तांबूस साप दिसला तर उचलेल, ही मला जास्त भीती. टेक्सासमध्ये विषारी कॉपरहेड असतात, रॅटलस्नेक, कॉटनमाउथ, कोरल स्नेकही, तेही विषारीच. कॉपरहेडच्या अंगावरचे पट्टे डमरूसारखे, मध्ये बारीक, कॉर्न स्नेकचे डाग पाठीवर सुटे सुटे. तरी त्याला नियम एकच द्या, बाहेरच्या सापाला हात नाही. तिकडे कोरल स्नेकसाठी लाल पट्ट्याला पिवळा लागून असला तर विषारी, असं जे यमक शिकवतात ते फक्त तिथल्यापुरतं, सुट्टीत चिपळूणला आला की त्याचा काही उपयोग नाही. तिथलं अँटीव्हेनमही आपल्याकडे चालत नाही.

आपल्याकडे मात्र देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा मांडूळ ठेवा म्हणणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नका.

शेवटी चावल्यावरचं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने जवळपास 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000 च्या आसपास. त्यामुळे चावल्यावर साप ओळखत बसू नका. तो मारून पिशवीत घेऊन जायची अजिबात गरज नाही, चारही सापांना अँटीव्हेनम एकच आहे आणि डॉक्टर लक्षणं आणि रक्त गोठतंय का ते बघून ठरवतात. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, बांगड्या काढा, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. पावसाळ्यात कोणी खाली झोपलेला पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या जड झाल्या, तर व्रण शोधू नका, तसाच न्या.

खिडकीतल्या सापाचा फोटो कोणी काढला असेल तर टाका, शेपटीकडचा भाग दिसेल असा. आणि त्या खिडकीला बारीक जाळी बसवून घ्या, बल्बजवळ पाली जमतात तिथेच तो परत येईल.